शालिग्राम कोतवालाची वंशावळ

रिठदमध्ये शालिग्राम कोतवालाचं अक्षर ओळखायला खाली सही पाहावी लागत नसे. ठळक, सरळ रेषेत बसलेलं, वेलांट्या डौलदार. तलाठ्याच्या हाताखाली त्यांनी अठ्ठावीस वर्षं कोतवालकी केली. दवंडी दिली, वसुलीच्या नोटिसा वाटल्या, पंचनाम्याला चटया अंथरल्या. पण गावानं त्यांना मान दिला तो वंशावळीमुळं. जमिनीचा मालक मेला की वारसांची नावं सातबाऱ्यावर चढवायला घराण्याची वंशावळ लिहून द्यावी लागते. वर बाप, खाली पोरं, त्यांच्या खाली त्यांची पोरं. ती लिहायची ती शालिग्रामनंच, असा रिठदचा रिवाजच पडला होता.

आणि त्यात ते भारी कडक. दोन भाऊ बहिणीचं नाव गाळून कागद करायला आले, तर चावडीत सगळ्यांसमोर त्यांनी कागद टराटरा फाडला होता. "बहीन कुठी गेली रे तुमची? आभायात उडाली? लेकीचं नाव लागते म्हंजे लागते. माह्या हातून हे पाप होनार नाही." लोक अजून ते सांगतात. शालिग्रामला स्वतःलाही ते सांगायला फार आवडायचं.

असा हा माणूस. आणि यानंच स्वतःच्या घराची वंशावळ लिहिली तेव्हा स्वतःची नात गाळली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लपवाछपवीनं या घराचं व्हायचं तेवढं वाटोळं झालेलं आहे.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा, नंदकिशोर, काविळीनं गेला. विहिरीच्या योजनेत बसावं म्हणून तीन एकर वावर शालिग्रामनं त्याच्या नावावर करून ठेवलं होतं. मागं राहिली सव्वीस वर्षांची बायको वैजयंती आणि तीन वर्षांची सपना. तेरवी झाली आणि वैजयंतीचा भाऊ तिला चार दिवसांसाठी म्हणून मेडशीला घेऊन गेला. ती गेली आणि पुतण्या हरीओम काकाच्या बाजेवर येऊन बसला.

"काका, वहिनी तरणी हाये. सालभरात दुसरं घर करन. मंग वावर बी त्या घरी जाईन. तुमी काय पाह्यत बसान?"

शालिग्रामनं त्याला हाकलून द्यायला हवं होतं. चावडीतल्या शालिग्रामनं दिलंही असतं. पण हा बाजेवरचा शालिग्राम मुलाच्या दुःखानं आणि वावराच्या भीतीनं अर्धा झालेला होता, आणि माणूस अर्धा झाला की त्यातला कोणता अर्धा उरेल ते सांगता येत नाही. त्यांनी कागद घेतला. नंदकिशोर मयत, असं लिहिलं. त्याच्यापुढं, पत्नीने फारकत घेतली. त्याच्या खाली, निःसंतान. वारस एकच, आई तुळसाबाई. तलाठी नवा होता, गावात कुणाला ओळखत नव्हता. कोतवालाचं अक्षर पाहून त्यानं विश्वासानं काम केलं.

तुळसाबाईला लिहिता-वाचता येत नाही. नवऱ्यानं कागद पुढं केला तसा तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

"कायचं हाये हो?"

"अनुदानाचं."

नवऱ्याच्या कागदावर संशय घ्यायचा असतो हेच तिला माहीत नव्हतं. 'पुढं दुरुस्ती करून घेऊ, पोरीचं नाव लावायला काय, एक अर्ज लागते,' असं शालिग्रामनं मनाशी म्हटलं, आणि ते एकदा म्हटल्यावर त्यांना त्या दिवशी भाकरही गोड लागली. ही आठवण त्यांना पुढं सगळ्यात जास्त छळायची.

वैजयंतीनं दुसरं घर केलं नाही. मेडशीच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, खिचडी शिजवू लागली, पोरीला शिकवू लागली. तुळसाबाई पंधरा दिवसांआड रिठदहून वाशीम, वाशीमहून मेडशी अशा दोन एसट्या बदलून नातीला भेटायला जायची. शालिग्राम एकदाही गेले नाहीत. कधी वावरात फवारणी, कधी कंबर, कधी तहसीलचं काम. तुळसाबाईला वाटायचं, मुलाची आठवण सहन होत नसेल. ती लोकांनाही तसंच सांगायची.

मग दोन वर्षांपूर्वी सपनाच्या शाळेच्या कसल्याशा दाखल्यासाठी वैजयंतीनं सेतू केंद्रातून नवऱ्याचा सातबारा काढला. त्यावर ना ती, ना पोरगी. तिनं फेरफाराची नक्कल मागवली. नकलेसोबत वंशावळ आली. सासऱ्याचं अक्षर आणि त्याखाली सासूचा अंगठा.

पुढच्या वेळी तुळसाबाई सांजोऱ्यांचा डबा घेऊन दारात उभी राहिली, तर वैजयंती उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली, "आई, आता येत नका जाऊ." कारण सांगितलं नाही. ज्या बाईनं अंगठा दिला तिला कारण काय सांगायचं, असं तिला वाटलं असणार. डबा जसाच्या तसा रिठदला परत आला.

तुळसाबाई ओट्यावर बसून रडली. "म्या काय केलं हो? मले हाकललं तिनं. कायच्यासाठी?" शालिग्रामला त्याच क्षणी सगळं कळलं. सांगायची वेळ तीच होती. पण ते खाली पाहत म्हणाले, "तिचं काळीजच दगडाचं हाये. तू कायले रडतं?" आणि त्या दिवसापासून दोन वर्षं तुळसाबाई सुनेला शिव्याशाप देत राहिली. पाणी भरताना, भाकरी थापताना. 'माह्या पोराची निशानी दाबून बसली, कधी भलं होनार नाही तिचं.' शालिग्राम ऐकून घ्यायचे आणि मधेमधे मानही डोलवायचे. त्या मानेची लाज त्यांना पुढं जन्मभर पुरणार होती.

गेल्या हिवाळ्यात गावात कायद्याचं शिबिर झालं. शेजारची वच्छला बचत गटाच्या बायांना घेऊन गेली होती, तिच्यासोबत तुळसाबाईही गेली. संध्याकाळी परत आली ती उजळलेलं तोंड घेऊन.

"आइकलं का? आजा-आजीले बी नातवाले भेटाचा अर्ज कोर्टात करता येते. जज सायेब तारीख ठरवून देतात, म्हने. वकीलबाईनं सांगतलं. आपन करू."

"कोर्टकचेऱ्या कायले करायच्या घरातल्या घरात..."

"घरातल्या घरात भेटू देते का ते? मरायच्या आंधी एकदा पोट्टी मांडीवर बसली पाह्यजे. तुमाले नाही वाटत?"

त्यांनाही वाटत होतं. खरंच वाटत होतं. सपना दोन वर्षांची असताना त्यांच्या मिशा धरून ओढायची, ते त्यांना रोज आठवायचं. पण कोर्टात गेलं की तो कागद येणार. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. शेवटी त्यांनी वाशीमच्या माणिकराव वकिलांकडं जाऊन अर्जावर सही केली. खाली तुळसाबाईनं अंगठा दिला. या वेळी तिनं विचारलंसुद्धा नाही, स्वतःच घाईनं शाई लावली.

तारखेच्या आठवडाभर आधी शालिग्राम एकटेच वाशीमला गेले आणि वकिलाला खरं काय ते सांगून आले. माणिकरावांनी चष्मा काढून पुसला.

"हे त्यांच्या वकिलाकडं असणारच," ते म्हणाले. "मग असं करा. वारसाचा अर्ज बाईंच्या नावचा. अंगठा बाईंचा. जमीन गेली ती बाईंच्या नावावर. तुम्ही फक्त लिहून देणारे, जसं गावाला लिहून देता तसं. तिनं सांगितलं, तुम्ही लिहिलं. निरक्षर बाई आहे, कोर्ट तिच्यावर फार चिडणार नाही. निदान तुमचं तरी नाव वाचेल."

"आन् तिचं?"

"ते पाहू."

शालिग्राम हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एसटीत खिडकीपाशी बसून घरी आले.

तारखेच्या दिवशी तुळसाबाईनं पिवळ्या फुलांचा फ्रॉक सोबत घेतला होता. वच्छलाच्या नातीच्या मापानं तिनं तो रिसोडच्या शिंप्याकडून शिवून घेतला होता. एसटीत तिनं तो तीनदा पिशवीतून काढून पाहिला.

"लहान तं नाही होनार? आता नऊ वर्साची झाली असंन. मले ओळखन का हो?"

"ओळखन."

"तुमाले?"

शालिग्रामनं फ्रॉकची घडी करून तो पिशवीत ठेवला.

कोर्टात न्यायाधीशांनी सगळ्यांना आपल्या चेंबरमध्येच बोलावलं. घरचा मामला आहे, बसून बोलू, म्हणाले. पोरीलाही आणायला सांगितलं होतं. ती बाहेर मामासोबत बाकावर होती. आत शिरताना तुळसाबाईला तिची फक्त वेणी दिसली, आणि ती दारातच थबकली. शालिग्रामनं तिला कोपराला धरून आत नेलं.

वैजयंती समोरच्या खुर्चीत बसली होती. हडकली होती. तिच्या बाजूनं कौसर मॅडम नावाची तरुण वकील होती, फाईल मांडीवर घेऊन. ना आवाज चढवला, ना हातवारे केले. फाईलमधून एक कागद काढून तिनं शालिग्रामच्या पुढ्यात ठेवला.

"आजोबा, हे अक्षर कुणाचं?"

आजोबा हा शब्द तिनं सहजच वापरला असावा, वयाकडं पाहून. शालिग्रामच्या कानात तो उकळत्या तेलासारखा पडला.

"माहं."

"तुम्ही अठ्ठावीस वर्षं कोतवाल होता. वंशावळ म्हणजे काय, त्यात कुणाची नावं लागतात, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"हाये."

"मग हे असं का लिहिलं?"

शालिग्रामनं माणिकरावांकडं पाहिलं. माणिकराव टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहत होते. खोली लहान होती आणि पंख्याचा आवाज मोठा होता. आणि शालिग्रामच्या तोंडून ते निघून गेलं. "अर्ज तुळसाबाईचा होता. तिनं सांगतलं तसं म्या लिवलं."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमिनीला कुठली एवढी दया.

तुळसाबाईला काही कळलेलंच नव्हतं. आपलं नाव ऐकून ती सावरून बसली होती. न्यायाधीशांनी तिला विचारलं, "बाई, तुमच्या मुलाबद्दल इथं 'निःसंतान' असं लिहिलेलं आहे. हे तुम्ही सांगितलं होतं का?"

तिनं शब्द ओठांवर घोळवला. जन्मभर कागदातला कुठलाही अवघड शब्द आला की ती ज्याच्याकडं वळायची, त्याच्याकडंच वळली.

"म्हंजे काय हो?"

कौसर मॅडमनं सांगितलं असतं, माणिकरावांनी सांगितलं असतं. पण तिनं विचारलं होतं नवऱ्याला.

"लेकरू नाही, असं," शालिग्राम म्हणाले.

"कोनाले लेकरू नाही?"

"नंदूले."

"आपल्या नंदूले?" ती त्यांच्याकडं पाहतच राहिली. "मंग ते भाईर बसली ते कोन हाये?"

तुळसाबाईनं कागद आपल्याकडं ओढला. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण खालचा निळा ठसा तिला वाचता येत होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. मग ती हळूहळू सगळं जुळवत गेली, आणि शालिग्रामला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत गेलं. अनुदानाचा कागद, परत आलेला डबा, दगडाचं काळीज, आणि आत्ता, सगळ्यांसमोर, तिनं सांगितलं तसं म्या लिवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कपाळ बडवून घेतलं असतं, तरी त्यांनी ते खाली मानेनं सोसलं असतं.

ती न्यायाधीशांकडं वळली. "सायेब, अंगठा माहाच हाये. म्या देला, तं गुन्हा बी माहाच." मग वैजयंतीकडं पाहून म्हणाली, "पोरी, तू दार लावलं ते बराबर केलं. म्या तुले दोन वर्स शिव्या घातल्या. सकाळ-संध्याकाळ घातल्या. त्या माह्या अंगावर येवो."

"आई..." वैजयंती अर्धवट उठली.

"सायेब!" शालिग्राम उभे राहिले. त्यांचा आवाज चिरकला. "तिले काईच माहीत नव्हतं. तिनं सांगतलं नाही, म्याच लिवलं, म्याच अनुदानाचं म्हनून अंगठा घेतला. आता बी खोटं बोललो. सहा वर्सं मी खोटं बोलून राह्यलो."

माणिकरावांनी कपाळावर हात मारला. न्यायाधीश म्हणाले, "बसा." शालिग्राम बसले. खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं असं ते इतरांना सांगत आले होते. त्यांना काही हलकं वाटलं नाही. उशीर झालेला होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

मग पुष्कळ बोलणं झालं. खोटी वंशावळ देणं हा गुन्हा आहे, हे न्यायाधीशांनी शालिग्रामला स्पष्ट शब्दांत सुनावलं. त्याबद्दल काय करायचं ते वैजयंतीनं ठरवावं, म्हणाले. वैजयंती म्हणाली, मला पोलिसात जायचं नाही, पोरीचं नाव लागलं म्हणजे झालं. महिन्याच्या आत दुरुस्तीचा अर्ज करायचा असं ठरलं. आईंना सपनाला भेटू द्यायला माझी हरकत नाही, असंही तिनं सांगितलं.

"आणि आजोबांना?"

वैजयंतीनं सासऱ्याकडं पाहिलं नाही. "कोर्ट म्हणते तसं," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी थोडा विचार केला आणि लिहून घ्यायला सांगितलं. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, अकरा ते दोन, पोरीच्या आईच्या घरी मेडशीला, अर्जदार क्रमांक एक आणि दोन, म्हणजे आजोबा आणि आजी, दोघांनीही नातीला भेटावं. ज्या कागदाला शालिग्राम सहा वर्षं भीत आले होते, तो पुढ्यात पडलेला असतानाच त्यांना त्यांचा हक्क मिळाला. शिक्क्यासकट, तारखेसकट. ते हात जोडून बाहेर आले.

तुळसाबाई आधीच बाहेर पोहोचली होती. व्हरांड्यातल्या बाकावरची पोरगी उठून उभी राहिली होती. उंच झाली होती, नंदूसारखीच थोडी पुढं वाकून उभी होती. दोन वर्षं हा काही फार मोठा काळ नव्हे. तिनं आजीला लगेच ओळखलं. "आजी, तू काहून येत नव्हती?" म्हणत ती थेट तुळसाबाईच्या पोटाला बिलगली. तुळसाबाई खाली बसली, पोरीला तिनं चक्क मांडीवर ओढून घेतलं, नऊ वर्षांची घोडी ती, आणि तिचे गाल चाचपत राहिली. अंगाला लावून पाहिला तर फ्रॉक आखूड झाला होता. पोरगी म्हणाली, "चालते, घरात घालीन."

शालिग्राम चार पावलांवर उभे होते. दोन्ही हातांत पिशवी धरली होती, हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं म्हणून. पुढं जायला कुणी मनाई केलेली नव्हती. कोर्टानंच जा म्हणून सांगितलं होतं.

पोरीचं लक्ष त्यांच्याकडं गेलं. हा म्हातारा मघापासून आपल्याकडं पाहत उभा आहे, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्या मिशा तिला आठवल्या नाहीत. तिनं आईला विचारलं, "हे कोन हायेत?"

वैजयंतीनं सासूकडं पाहिलं. तुळसाबाईनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एवढं एक तरी तुमच्या तोंडानं सांगा, असं ती थांबून राहिली होती. सहा वर्षांत तिनं त्यांच्यासाठी कितीतरी कारणं सांगितली होती. या वेळी तिनं तोंड उघडलं नाही.

शालिग्रामनं घसा साफ केला. सगळ्या गावाची नाती त्यांनी लिहिली होती. कोण कुणाचा आजा, कोण कुणाची नात, पाचपाच पिढ्या ते चावडीत न अडखळता सांगायचे. आता एकच शब्द सांगायचा होता, आणि जिच्यासमोर सांगायचा होता ती कागदावर जन्मलेलीच नव्हती.

"मी," ते म्हणाले, "आजीसंग आलो, बाई."

"हं," पोरगी म्हणाली, आणि पुन्हा आजीकडं वळली.